अंबुजक्कांचा साक्षीदार

पहिल्या भेटीत अंबुजक्कांनी मला माल विकायला नकार दिला. बेंगळुरूत, येलहंक्याच्या जुन्या बाजारात त्यांचं गाड्यांच्या विजेच्या सामानाचं दुकान होतं. पाटीवरचं नाव उन्हानं खाऊन टाकलं होतं आणि ते परत रंगवून घ्यावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. माझ्या हातात एक काळी, काडेपेटीहून लहान डबी होती. अशीच नवी द्या, असं मी म्हणालो.

"ही खराब आहे म्हणून कोणी सांगितलं?"

"मीच."

"तुम्ही मेकॅनिक?"

"नाही."

"वकील?"

"नाही."

"मग निकाल कसा दिलात?"

मी तीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर केलं. मिक्सरपासून मोटारींपर्यंत कुठल्याही यंत्राचं पोट मी मराठीत आणि कन्नडमध्ये उघडून दाखवू शकतो; प्रत्यक्षात मात्र झाकण उघडताना माझं नख तुटतं. त्या डबीला रिले म्हणतात हे मला तीन भाषांत ठाऊक होतं. माझ्या गाडीचा एसी लागत नव्हता. बटण दाबलं की दिवा लागे, वारा येई. पण तो वारा येलहंक्याच्या बसथांब्यावर फुकट मिळतो तोच. बटणाकडून आलेली थोडीशी वीज घेऊन रिले पुढं कॉम्प्रेसरकडे भरपूर वीज सोडतो. तिथली लोखंडी तबकडी फिरत्या चाकाला जाऊन चिकटते, 'टक्' असा आवाज होतो आणि मग गारवा सुरू होतो. तो 'टक्' बंद पडला होता. रिले म्हणजे मध्यस्थ, आणि वरचा हुकूम खाली पोचत नसेल तर मध्यस्थच अडून बसला असणार, असा माझा सरकारी कचेऱ्यांच्या अनुभवावर आधारलेला तर्क होता.

"गाडी कुठाय?" अक्कांनी विचारलं.

"घरी."

"आरोपीला घरी ठेवून कोर्टात एकटेच आलात होय? जा, गाडी आणा."

मी गाडी आणली. साठीच्या पुढची, ठेंगणी, सुती लुगड्याचा पदर कमरेला खोचलेली बाई हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली आणि तिनं बॉनेटमध्ये डोकं घातलं. डब्यात कापसाच्या थरांवर रिले, फ्यूज, बल्ब असे नग मांडलेले होते. त्यातला एक रिले काढून त्यांनी माझ्या रिलेच्या जागी बसवला.

"हाच द्या ना मग," मी म्हणालो.

"हा विकायचा नाही. हा साक्षीदार आहे. साक्षीदार विकत नाहीत." बटण दाबलं. 'टक्' झालं नाही. "बघा. चांगला रिले घालूनही लागत नाही, म्हणजे तुमचा रिले निर्दोष. सुटला." मग हातातल्या तपासायच्या दिव्याची टोकं इथं तिथं लावत त्या वीज कुठवर पोचते ते बघत गेल्या आणि कॉम्प्रेसरजवळ थांबल्या. वायर कुरतडलेली होती. "उंदीर. अपार्टमेंटमध्ये राहता, अल्लवा? आता उंदरांनाही लिफ्ट झालीय." त्यांनी वायर जोडली, चिकटपट्टी गुंडाळली, माझाच रिले परत बसवला आणि 'टक्' झालं. काहीच न विकता त्यांनी माझं काम केलं म्हणून लाजेनं मी वायपरची एक जोडी घेतली. ती माझ्या गाडीला बसत नाही असं सांगून तीही त्यांनी काढून घेतली.

अक्कांचं घराणं काही शतकांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आलं आणि फौज परतली तरी राहिलं. त्यांचं मराठी कन्नडच्या मांडीवर वाढलेलं होतं. 'नाही का', 'थोडं', 'बरं', 'नको' यांच्या जागी 'अल्लवा', 'स्वल्प', 'सरी', 'बेडा' हे शब्द त्यात घरच्यासारखे वावरत. मी निपाणीकडचा, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. त्यांच्या बोलण्यातली कोर्टाची भाषा मात्र वडिलांकडून आली होती. वडील कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसत आणि लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देत. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जाणं हे अक्कांचं काम. "आत निकाल लागायचे आणि बाहेर लोक रडायचे," त्या सांगत. "अर्धे तरी पुरावा नव्हता म्हणून रडायचे. पुरावा मागितलाच नव्हता कोणी."

दुकान नवऱ्याचं. तो अचानक गेला तेव्हा अक्का चाळिशीत होत्या. दीर-जावांनी दुकान काढून टाकायचा सल्ला दिला, तर या दुसऱ्याच आठवड्यात काउंटरवर जाऊन बसल्या. पहिलं वर्षभर त्यांनी लोक मागतील ते दिलं. विजेचा माल विकला की परत घ्यायचा नाही, हा या धंद्यातला सगळीकडचा नियम. लोक चुकीचा भाग नेत, तो बसवून काही होत नसे, आणि भांडायला परत येत. "नियम माझ्या बाजूनं होता," अक्का म्हणायच्या. "पण घरी जाऊन जेवण जात नव्हतं." म्हणून त्यांनी तो डबा केला. प्रत्येक प्रकारचा एक नग, स्वतः तपासलेला. गिऱ्हाइकानं आधी तो लावून बघायचा. त्यानं काम झालं तर तुमचा नग खराब, नवा घ्या. नाही झालं तर तुमचा नग निर्दोष, पुढचा संशयित शोधा. दुकानदारानं स्वतःची विक्री पाडण्याची एवढी शिस्तशीर पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही. गंमत म्हणजे दुकान त्यावरच चाललं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या आनेकलपासून लोक यायचे.

त्यांची वाक्यं रस्त्यावर चलनी नाण्यांसारखी फिरत. "कॉम्प्रेसर आरोपी आहे, गुन्हेगार नाही" हे एक. "गॅरेजवाल्याचा संशय नेहमी सगळ्यात महागड्यावर. पोलिसांचं उलटं," हे दुसरं. कोरमंगलाचा एक तरुण एकदा फोनवर आपल्या गाडीची चित्रफीत दाखवत कॉम्प्रेसर गेल्याचं इंग्रजीत समजावत होता. अक्कांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बटण दाबलं होतं का?" त्यानं दाबलं नव्हतं. आणि एकदा एका लांबलचक पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर धावत आला. साहेबांना सत्काराला जायचंय, साहेब आत घामाघूम झालेत, त्या मापाचा नवा रिले संपला असेल तर डब्यातला द्या, साहेब कोण आहेत ठाऊक आहे का, वगैरे. अक्का म्हणाल्या, "साहेबांना काच खाली करायला सांगा. बाहेर वारा आहे. सत्कार उघड्या काचेनंही होतो."

या बाईला तोंडावर नाही म्हणणारा रस्त्यात एकच माणूस होता, तो मुनिराजू. दुकानाला लागून देवराजचं गॅरेज. त्याच्या फलकावर 'सर्व गाड्यांचे संगणकीकृत तज्ज्ञ' असं लिहिलेलं, आणि संगणक म्हणजे देवराजचा मोबाइल. मुनिराजू तिथं एसीचं काम बघायचा. मूळचा आनेकलचा, बायको, दोन मुली आणि सासरे तिकडेच. हा येलहंक्यात खोली घेऊन राही आणि रविवारी दोन बस बदलून घरी जाई. काटकुळा, कमी बोलणारा, आणि आपल्या हातावर नको तितका विश्वास असलेला. एसीच्या पाइपवर तळवा टेकवून तो आत काय चाललंय ते सांगे. अक्कांना तो 'जज्जम्मा', म्हणजे जज्जबाई, म्हणायचा. "जज्जम्मा, आज किती जणांना फाशी?" असं सकाळी विचारायचा. "तुझ्या हाताला अपिलात जायची सवय लागलीय," असं त्या म्हणायच्या. दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि रविवारी तो नसला की अक्कांना करमत नसे.

एके दिवशी अकराच्या चहाच्या वेळी देवराजकडे प्रवासी कंपनीची बारा आसनांची गाडी आली. एसी लागत नव्हता. देवराजनं बघताच सांगितलं, कॉम्प्रेसरचा क्लच गेला, म्हणजे ती चिकटणारी तबकडी आणि तिचं वेटोळं. मुनिराजू म्हणाला, नाही, रिले गेलाय. गाडीचा मालक शहाणा होता. तो म्हणाला, अक्कांना विचारू. अक्का डबा घेऊन आल्या. त्या मापाचा रिले फारसा लागत नसे. त्यांनी तो कापसातून काढून मुनिराजूच्या हातात दिला. त्यानं बसवला, बटण दाबलं. काही झालं नाही.

"रिले निर्दोष," अक्का म्हणाल्या.

मुनिराजूनं पुन्हा बटण दाबलं. मग मान वर करून म्हणाला, "ई साक्षी सुळ्ळु हेळ्ताने, जज्जम्मा." हा साक्षीदार खोटं बोलतोय.

रस्ता हसला. चहाची टपरी, टायरवाला, देवराज, गाडीचा मालक, सगळे हसले. मी हातात ग्लास घेऊन उभा होतो, मीही हसलो. वाक्य चांगलं होतं आणि चांगल्या वाक्याला मी आयुष्यभर दाद देत आलोय. मुनिराजूला मात्र ते विनोद म्हणून म्हणायचं नव्हतं. तो म्हणाला, "बॅटरीतून थेट वेटोळ्याला वायर लावतो. दोन मिनिटं. 'टक्' झालं तर क्लच चांगला." देवराज म्हणाला, गिऱ्हाइकाला घाई आहे. मुनिराजूनं अक्कांकडे बघितलं. अक्कांनी साक्षीदार परत घेतला, कापसात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं. "निकाल झाला," एवढंच म्हणाल्या.

देवराजनं नवा क्लच बसवला. त्याबरोबर नवी वायर आणि नवा रिलेही बसवून टाकला, कारण देवराज कधी एकटा भाग बसवत नाही. एसी लागला. रस्त्याच्या दृष्टीनं सिद्ध झालं. संध्याकाळी देवराज मुनिराजूला म्हणाला, चारचौघांत अक्कांच्या साक्षीदाराला खोटं म्हणालास, चारचौघांत माफी माग. मुनिराजूनं भिंतीवरचं आपल्या मालकीचं दोन घड्याळांचं प्रेशर मोजायचं यंत्र उतरवलं आणि तो निघून गेला. त्यानं आणखी दोन गॅरेजांत काम मागितलं. पण गोष्ट त्याच्या आधी तिथं पोचली होती. कोणी काही बाष्कळ बोललं की 'मुनिराजूचा साक्षीदार' असं म्हणायची पद्धतच पडली. ज्याच्यावर रस्ता हसतो त्या मेकॅनिकच्या हाती कोणी गाडी देत नाही. महिन्याभरात तो आनेकलला परतला आणि एका कारखान्यात खोकी बांधायच्या कामाला लागला, असं कळलं. सकाळी फाशीची चौकशी करणारं कोणी उरलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीचा एसी पुन्हा बंद पडला. बायकोला दमा आहे, आणि रस्त्यात उड्डाणपुलांची धूळ इतकी की काचा उघडायची सोय नाही. तिच्या आग्रहानं मी आधी एका चकचकीत सेवा केंद्रात गेलो. तिथं कॉफी मिळाली, हात पुसायला गार रुमाल मिळाला, आणि टॅबलेट हातात घेतलेल्या मुलानं बॉनेट न उघडताच सगळा कॉम्प्रेसर बदलावा लागेल असं सांगितलं. 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा' हे वाक्य मी शेकडो वेळा भाषांतरित केलंय. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मी गाडी अक्कांकडे नेली.

साक्षीदार बसवला. 'टक्' नाही. "रिले सुटला," अक्का म्हणाल्या. फ्यूज बघितला, ठीक. वायरी बघितल्या, उंदीर या वेळी निर्दोष होते. गॅसचं प्रेशर ठीक. शेवटी त्यांनी बॅटरीपासून थेट वेटोळ्याला वायर लावली. खणखणीत 'टक्' झालं. म्हणजे क्लचही सुटला. अक्का कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सगळे निर्दोष, आणि प्रेत समोर पडलंय. असं कसं?"

मी या गाडीची नव्हे, पण हिच्या थोरल्या भावंडाची माहितीपुस्तिका कधीकाळी भाषांतरित केली होती. त्यातल्या आकृतीत एसीचा आणि हॉर्नचा रिले सारखेच काढलेले मला आठवत होते. चित्रकारानं आळस केलाय असं मी तेव्हा समजलो होतो. मी विचारलं, "अक्का, हॉर्नचा रिले आणि हा एकच असतो का हो?"

त्यांनी दोन्हींवरचे आकडे वाचले. एकच होते. "दुसऱ्याच्या घरचा साक्षीदार मी कधी वापरला नाही," असं पुटपुटत त्यांनी हॉर्नचा रिले एसीच्या जागी लावला. मी बटण दाबलं.

टक्.

गार वारा आला. मी खूश झालो. अक्का झाल्या नाहीत. त्यांनी आपला साक्षीदार हॉर्नच्या रिकाम्या जागेत बसवला आणि म्हणाल्या, "हॉर्न वाजवा."

वाजला नाही.

"परत वाजवा."

वाजला नाही. बेंगळुरूत एखाद्या गाडीचा हॉर्न वाजत नाही याचं दुःख मला आयुष्यात पहिल्यांदाच झालं, कारण अक्कांचा चेहरा माझ्यासमोर होता. त्यांनी साक्षीदार काढला, तळहातावर घेतला आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या. "मुनिराजू," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातात दिला होता तो हाच नग. त्या बारा आसनांच्या गाडीनंतर डब्यातून आज पहिल्यांदा बाहेर पडलाय."

मी त्यांची समजूत घालायला लागलो. म्हणालो, "तेव्हा तो चांगला असेलही. नंतर डब्यात पडून बिघडला असेल. तुम्हाला काय ठाऊक?"

"नाही ठाऊक."

"मग?"

"संशयाचा फायदा कोणाला देतात, सर?"

"आरोपीला."

"मग?"

त्याच पुढं म्हणाल्या, "त्या दिवशी आरोपी मुनिराजू होता. साक्षीदार फुटतात हो. वडील सांगायचे. त्याचं एवढं नाही. तो पोरगा वायर लावून बघू म्हणत होता. दोन मिनिटं मागत होता. पुरावा पुरावा म्हणून मी जगाचं डोकं खाते आणि माझ्याच साक्षीदारावर बोट आलं तेव्हा झाकण लावून टाकलं. आज तुमच्या गाडीला लावलीच की वायर. त्या दिवशी हात झडले होते का माझे?"

रविवारी मी त्यांना घेऊन आनेकलला गेलो. आधी फोन करा, असं मी सुचवलं होतं. "त्याला फोनवर सांगायला मी काय बिल भरायची आठवण करून देतेय?" असं म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. सगळं शहर उभं चिरून जायचं होतं. एसी छान चालला होता. अक्कांनी तो बंद करायला लावला.

मुनिराजूच्या दोन खोल्यांच्या घराबाहेर सासरे खाटेवर बसले होते. "या बाईशी भांडून नोकरी सोडलीस ना रे?" त्यांनी कन्नडमध्ये जावयाला विचारलं, आमच्याकडे न बघता. बायकोनं पाणी आणलं. अक्का खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं: माझी गाडी, हॉर्नचा रिले, खोटा ठरलेला साक्षीदार. "आणि तू वायर लावू म्हणालास तेव्हा मी गप्प बसले. ते सगळ्यात वाईट." सासरे खाटेवर सरळ होऊन बसले. मुनिराजू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

"अक्का," तो म्हणाला. जज्जम्मा म्हणाला नाही. "इथं कोण हसलं होतं?"

"कोणी नाही."

"मग इथं कशाला सांगता?"

अक्कांनी मान हलवली. "सरी," त्या म्हणाल्या. निघताना एवढंच बोलल्या, "उद्या अकराला. चहाच्या वेळी. ये."

परतीच्या वाटेवर सिल्क बोर्डच्या सिग्नलला आम्ही अडकलो. तिथं माणूस एकतर झोपतो किंवा खरं बोलतो. अक्का म्हणाल्या, "स्वल्प भीती वाटते, सर." मला ती समजत होती. त्यांचं अख्खं दुकान त्या पत्र्याच्या डब्यावर उभं होतं. उद्यापासून कोणीही विचारलं असतं, अक्का, हा साक्षीदार तरी खरा आहे का? मी म्हणालो, देवराजला बाजूला घेऊन सांगा, तो मुनिराजूला परत बोलावेल, काम झालं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा सिग्नल येईपर्यंत मी रस्त्याकडेच बघत राहिलो. "निकाल मी देवराजच्या कानात दिला होता का?"

सोमवारी अकराला मी टपरीवर होतो. अक्का दुकानासमोर उभ्या होत्या. अकरा वाजून गेले. साडेअकरा झाले. मग पलीकडच्या बसथांब्यावर बस थांबली, निघून गेली, आणि मागं मुनिराजू उभा दिसला. इस्त्री केलेला शर्ट, खिशात हात. तो रस्ता ओलांडेना. तिथंच उभा राहिला.

अक्कांचा आवाज मी त्या दिवसापर्यंत कधी चढलेला ऐकला नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि दोन बसच्या मधून ओरडल्या, "मुनिराजू! नीनु हेळिद्दे सरी!" तू म्हणालास तेच बरोबर. "माझा साक्षीदार खोटा होता! मी तुला वायर लावू दिली नाही! चूक माझी!"

देवराज गॅरेजच्या दारात आला. टायरवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. मुनिराजूनं खिशातला हात काढला आणि कानाला लावला. ऐकू आलं नाही.

मला त्याचा राग आला. अक्कांना आला नसावा. त्या आणखी दोन पावलं पुढं झाल्या, अगदी गटाराच्या कडेला, आणि तेच सगळं पुन्हा, शब्दाला शब्द, आधीपेक्षा मोठ्यानं ओरडल्या. एवढ्यानं की पलीकडे बसची वाट बघणाऱ्या बायका मुनिराजूकडे वळून बघायला लागल्या. गॅरेजच्या आतून, दुकानांतून माणसं बाहेर आली. शेवटच्या शब्दाला अक्कांचा आवाज चिरकला. मुनिराजूनं कानाचा हात खाली घेतला, पण तो जागचा हलला नाही.

तेव्हा अक्का रस्त्यात उतरल्या. गुडघ्यांनी अधू झालेली ती बाई एक हात वर करून गाड्या थांबवत चालत गेली. दोन ऑटोवाल्यांनी शिव्या घातल्या. पलीकडे पोचल्यावर त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, फार नसावं. मग मुनिराजूनं त्यांच्या कोपराला धरलं आणि दोघं परत आले. देवराज म्हणाला, "जाऊ द्या हो अक्का, एवढीशी गोष्ट." अक्का म्हणाल्या, "एवढीशी होती तर त्याच दिवशी का नाही सोडलीस?" टपरीवाल्यानं न सांगता दोन चहा पुढं केले. त्यानंतर 'मुनिराजूचा साक्षीदार' हा शब्द मी रस्त्यात ऐकला नाही.

मुनिराजू देवराजकडे परतला नाही. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात लागला. अक्कांना जी भीती होती ती थोडी खरीही ठरली. लोक विचारायचेच, हा खरा की त्या दुसऱ्यासारखा? "विचारलंत ते बरं केलंत," असं म्हणून त्या डब्यातला नग आधी एका चालत्या गाडीत लावून दाखवायच्या, मगच तपासाला द्यायच्या. गर्दीच्या दिवशी यात फार वेळ जाई. काही गिऱ्हाइकं तुटली. त्यांनी पद्धत बदलली नाही.

मागच्या वर्षी अक्का गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. तेराव्याला त्यांच्या घरी मुनिराजू पंगतीला वाढत होता. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बाहेर कट्ट्यावर बसलो. इतके दिवस विचारायचं राहिलं होतं, ते मी विचारलं. "त्या दिवशी तुला खरंच ऐकू आलं नव्हतं?"

"पहिल्यांदाच आलं होतं, सर. जज्जम्मांनाही ठाऊक होतं. नंतर कितीदा तरी आम्ही त्यावर हसलो."

"मग म्हाताऱ्या बाईला परत ओरडायला का लावलंस?"

त्यानं पंच्याला हात पुसले. "त्या गाडीच्या वेळी सात जण हसले होते, सर. मी मोजले होते. पहिल्या हाकेला त्यातले चारच बाहेर होते. देवराज, टायरवाला, टपरीवाला आणि..."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं माझ्या गाडीचा एसी कसा चाललाय ते विचारलं. बरा चाललाय, मी म्हणालो.